वडवानलाचा कानोसा

माठ घेणारं माणूस कधी नीट पाहा. माठाचा रंग ते पाहतं, आकार पाहतं, पण पैसे काढण्याआधी बोटाच्या पेराने माठावर एक टिचकी मारतं. खणखणीत वाजला तर घेतं, बद्द वाजला तर मुकाट्याने ठेवून देतं. तडा डोळ्यांना दिसत नाही, पण कानाला कळतो. अंधाऱ्या विहिरीत खडा टाकून पाणी किती खोल आहे ते आपण असंच ओळखतो. दाराआड कोण बोलतंय याचा अंदाजही असाच घेतो. या सगळ्याला मराठीत एक नेमका शब्द आहे, कानोसा. समुद्राच्या तळाखाली उकळत असलेल्या शिलारसाचा कानोसा माणसाने कसा घेतला, आणि आज आपल्याला त्याच्याशी काय देणंघेणं आहे, याविषयी मी बोलणार आहे. मी कवी माणूस, शिक्षण बी. ए. पर्यंतचं. त्यामुळे समीकरणांच्या वाटेला जाणार नाही. सांगायचं ते आपल्या नेहमीच्या भाषेतच सांगेन.

शाळेच्या नकाशात समुद्र नुसता निळा असतो. त्या निळ्या रंगाखाली पृथ्वीवरची सर्वांत लांब पर्वतरांग बुडालेली आहे. चेंडूला शिवण असावी तशी ती सगळ्या महासागरांमधून फिरते. तिची लांबी सुमारे ६५ हजार किलोमीटर भरते. या शिवणीवर समुद्राचा तळ दोन्ही बाजूंना सरकत असतो, आणि मधल्या फटीत खालून शिलारस येऊन थिजतो. समुद्राचा सगळा तळ असाच तयार झालेला आहे.

या शिवणीचा एक टाका आपल्या अरबी समुद्रात आहे. मुंबईपासून नैऋत्येला सुमारे दोन हजार किलोमीटरवर. नाव कार्ल्सबर्ग. नाव ऐकून काहींना बाटली आठवेल, आणि ते बरोबरच आहे. १९२८ ते १९३० या काळात 'डाना' नावाचं डॅनिश संशोधन जहाज जगभर फिरलं. त्याच्या प्रवासाला कार्ल्सबर्ग दारूभट्टीच्या प्रतिष्ठानचा पैसा होता, म्हणून त्या जहाजाला सापडलेल्या रांगेला तेच नाव मिळालं. पुढे १९६२ साली ब्रिटिश नौदलाच्या 'ओवेन' जहाजाने या रांगेच्या एका तुकड्यावरची चुंबकीय मोजणी केली. केंब्रिजच्या फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी ते आकडे मांडून पाहिले. १९६३ साली त्यांनी सिद्धांत मांडला की समुद्राचा तळ रांगेपासून दोन्ही बाजूंना पसरतो आहे, आणि खडकांतल्या चुंबकत्वाच्या पट्ट्यांमध्ये त्याची नोंद राहते आहे. खंड सरकतात हे जगाला पटवून देणाऱ्या पुराव्यांमध्ये आपल्या अरबी समुद्राचा असा वाटा आहे.

महाराष्ट्राशी तर या रांगेचं नातं रक्ताचं म्हणावं असं आहे. मी पवनीला राहतो, वैनगंगेच्या काठी. आमच्या भंडारा जिल्ह्यात जमिनीखाली बहुतांशी फार पुरातन खडक आहे. पण पश्चिमेला नागपूरपर्यंत गेलं की सीताबर्डीच्या टेकडीपासून काळा पाषाण सुरू होतो, आणि तो थेट सह्याद्रीपर्यंत पसरलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हारस वाहिला, थरावर थर चढले. आज पाच लाख चौरस किलोमीटर एवढा त्याचा पसारा उरला आहे. कळसूबाई म्हणजे अशाच थरांची उतरंड. त्यानंतर थोड्याच काळात, म्हणजे भूशास्त्राच्या हिशेबाने थोड्या, आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागून असलेला सेशेल्स बेटांचा तुकडा भारतापासून सुटला. दोघांच्या मधली जी फट, तिच्यातूनच कार्ल्सबर्ग रांग जन्मली. आपल्या लेण्यांचा दगड आणि त्या समुद्रतळाचा दगड, दोन्ही बेसॉल्टच. दख्खनच्या चुली केव्हाच विझल्या, ही चूल अजून धुमसते आहे.

समुद्रात आग असते ही कल्पना आपल्याला नवी नाही. और्व ऋषींचा क्रोध समुद्रात सोडला गेला आणि तो घोडीच्या मुखाने तिथे जळत राहिला, ही वडवानलाची कथा महाभारतात आहे. कुराणातल्या सूरह तूरमध्ये समुद्राची शपथ आहे. तिथे समुद्राला लावलेल्या विशेषणाचा अर्थ काही भाष्यकार 'भरलेला' असा करतात, काही 'पेटवलेला' असा. मी या दोन्ही परंपरांच्या भाषेत वाढलो. म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हे सगळं आमच्या ग्रंथांत आधीच होतं, असं म्हणण्याचा मोह कुणीही करू नये. कथेचं काम आणि मोजणीचं काम वेगळं आहे. कथेने आगीची भव्यता दिली. ती आग किती खोल आहे, किती रुंद आहे, जिवंत आहे की विझलेली, हे सांगायला मोजणीच लागते. आणि मोजणीने जे सांगितलं ते कल्पनेला चकवणारं होतं.

मोजायचं तरी कसं? खणून पाहावं, तर आमच्या पवनीत १९६९-७० साली जगन्नाथ टेकडीवर उत्खनन झालं आणि मातीखालचा बौद्ध स्तूप दिसला. पण ती खोली काही मीटरांची. कोयना भागात भूकंपांच्या अभ्यासासाठी पाडलेलं तीन किलोमीटर खोलीचं छिद्र २०१७ साली पूर्ण झालं. त्यात सुमारे सव्वा किलोमीटर काळ्या पाषाणाच्या थरानंतर पुरातन ग्रॅनाइटी खडक लागला. माणसाने आजवर केलेलं सर्वांत खोल छिद्र रशियातल्या कोला इथलं, तेही सव्वाबारा किलोमीटरच्या आसपास थांबलं. समुद्रात तर आधी तीन-चार किलोमीटर पाणी, मग खडक. तिथे कानोसाच घ्यावा लागतो.

या कानोशाचा पाया घालणाऱ्यांत भारतात काम केलेला एक माणूस आहे. १२ जून १८९७ रोजी आसाम-मेघालयाचा भाग एका भीषण भूकंपाने हादरला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातले रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्याचा अभ्यास केला. दूरदूरच्या यंत्रांवरच्या नोंदी तपासताना त्यांच्या लक्षात आलं की भूकंपाच्या लहरी एका जातीच्या नसतात. पहिली लहर ढकलत येते, डब्यामागून डबा हलत जावा तशी. तिला प्राथमिक लहर म्हणतात. मागून येणारी दुय्यम लहर, दोरी झटकावी तशी आडवी हलते. ही दुसरी लहर द्रवातून जाऊच शकत नाही, कारण आडवं झटकायला पदार्थात ताठपणा लागतो आणि पाण्याला किंवा वितळलेल्या दगडाला तो नसतो. पहिली लहर द्रवातून जाते, पण तिची चाल मंदावते. म्हणजे एक लहर हळू झाली आणि दुसरी गडप झाली, तर वाटेत काहीतरी वितळलेलं आहे असं समजावं.

आता भूकंप येण्याची वाट पाहत बसायचं नसेल, तर टिचकी आपणच मारायची. संशोधन जहाज संथ चालतं. मागे पाण्यात हवेच्या तोफा असतात. दाबून भरलेली हवा त्या दर पंधरा-वीस सेकंदांनी एकदम सोडतात, धडाका होतो. आवाज पाण्यातून सेकंदाला दीड किलोमीटर वेगाने खाली जातो, तळात शिरतो. घट्ट बेसॉल्टात त्याचा वेग पाच-सहा किलोमीटरवर जातो, आणि जिथे खडकाचा पोत बदलतो तिथून थोडा आवाज परत फिरतो. जहाजामागे कित्येक किलोमीटर लांब दोर तरंगत असतो, त्यात शेकडो कान बसवलेले असतात. ते हा प्रतिध्वनी टिपतात. शिवाय काही यंत्रं थेट तळावर ठेवतात. रुग्णालयातली सोनोग्राफी आणि हे काम, तत्त्व एकच. यात एक मौज आहे. घट्ट खडकातून वितळलेल्या रसावर आदळलेला आवाज परत येताना उलटा होऊन येतो, शिखराच्या जागी दरी आणि दरीच्या जागी शिखर. त्या उलट्या खुणेवरून शिलारस ओळखला जातो.

१९८५ साली पॅसिफिक महासागरातल्या रांगेवर अशी मोठी पाहणी झाली. रॉबर्ट डेट्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली तिचे निष्कर्ष छापले. तोवर अनेक भूशास्त्रज्ञांच्या डोळ्यांसमोर रांगेखाली रसाने काठोकाठ भरलेलं, कित्येक किलोमीटर रुंदीचं प्रचंड दालन होतं. प्रतिध्वनीने वेगळंच सांगितलं. समुद्रतळाच्या खाली दीड-दोन किलोमीटरवर रसाचा एक पातळ पापुद्रा आहे. पुढच्या मोजण्यांत त्याची रुंदी बहुतेक ठिकाणी किलोमीटरभराच्या आत निघाली, जाडी काही दशक मीटर. त्याच्या खाली जे आहे ते धड द्रव नाही, धड दगड नाही. आमच्या भागात तांदळाच्या कण्यांची पेज करतात, ती आटत आली की कण जास्त आणि पाणी कमी होतं. तसं ते आहे, स्फटिकांच्या दाटीत थोडा रस. सगळा समुद्रतळ घडवणारी भट्टी एवढीच!

पॅसिफिकची ती रांग वेगाने पसरते, वर्षाला दहा-अकरा सेंटीमीटर. आपली कार्ल्सबर्ग बोटाच्या नखाच्या चालीने, वर्षाला दोन-तीन सेंटीमीटर. अशा संथ रांगांखाली रस सतत नसतो. तो येतो, थिजतो, पुन्हा केव्हातरी येतो. म्हणून तो सापडणंही कठीण. अटलांटिकच्या संथ रांगेवर लकी स्ट्राइक नावाचं ठिकाण आहे. तिथे पॅरिसमध्ये काम करणारे भारतीय वंशाचे सतीश सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तळाखाली तीन किलोमीटरवर शिलारसाचा साठा सापडला. २००६ साली ते प्रसिद्ध झालं. त्या साठ्याच्या बरोबर वर गरम पाण्याचे झरे होते. चूल आणि तिच्यावरचं भांडं एकाच चित्रात आलं.

हे झरेच पुढच्या प्रश्नाचं मूळ आहेत. समुद्राचं पाणी भेगांतून खाली उतरतं, चुलीजवळ तापतं आणि साडेतीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान घेऊन वर उसळतं. येताना तांबं, जस्त, थोडं सोनं-चांदी विरघळवून आणतं. थंड पाण्यात येताच ते धातू गंधकाबरोबर साचतात, धुराडी उभी राहतात. त्यांच्याभोवती सूर्यप्रकाशावर न जगणारे जीव राहतात. हिंदी महासागराच्या रांगांवर एक गोगलगाय आहे, जिच्या पायावर लोहयुक्त खवले असतात. खोल समुद्रातल्या खाणकामाच्या धोक्यामुळे २०१९ साली तिची नोंद संकटग्रस्त प्राण्यांच्या जागतिक यादीत झाली.

भारताने २०१६ साली आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाशी हिंदी महासागरातल्या अशा धातुसाठ्यांच्या शोधाचा करार केला. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या आणि चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी साडेचार हजार मीटर खोलीवरच्या जिवंत झऱ्याचं छायाचित्र मिळवलं. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये दुसरा करार झाला, खास कार्ल्सबर्ग रांगेवरच्या दहा हजार चौरस किलोमीटरचा. हे करार शोधाचे आहेत, उपशाचे नाहीत. उपशाची जागतिक नियमावली जुलै २०२५ मधल्या बैठकांतही मंजूर झाली नाही. म्हणजे विचार करायला अजून वेळ आहे.

काही जण म्हणतात, जिवंत झरे सोडा, मेलेल्या धुराड्यांतले धातू काढा. ऐकायला हे रास्त वाटतं. पण मेलेलं आणि झोपलेलं यांतला फरक वरून पाहून कळत नाही. याच कार्ल्सबर्ग रांगेवर २००३ साली भूकंपांची मालिका झाली, आणि त्या वर्षी तिथल्या पाण्यात सुमारे ७० किलोमीटर लांबीचा गरम पाण्याचा लोट आढळला. संथ रांगही अशी एकाएकी जागी होते. पॅसिफिकमध्ये २००६ साली तळावर ठेवलेल्या बारा यंत्रांपैकी चारच परत आली. उरलेल्यांतली काही ताज्या लाव्ह्यात रुतली होती. चूल खरोखर विझली आहे का, हे तिच्यापर्यंत आवाज पोहोचवूनच कळेल. म्हणून उपशाची भाषा करण्याआधी कानोसा पूर्ण व्हायला हवा, आणि त्याची माहिती सर्वांना खुली हवी, एवढंच माझं म्हणणं आहे.

हा कानोसाही फुकट नाही. हवेच्या तोफांचा आवाज दूरवर जातो. अरबी समुद्रात स्थलांतर न करणाऱ्या हंपबॅक देवमाशांचा एक लहानसा, धोक्यात आलेला समूह राहतो, आणि त्यांचं सगळं जगणं आवाजावर चालतं. म्हणून अनेक पाहण्यांत आवाज एकदम न करता हळूहळू वाढवत नेतात, जहाजावर देवमाशांवर नजर ठेवणारी माणसं असतात. ऐकण्यासाठी आवाज करायचा, पण दुसऱ्याचं ऐकणं बंद पडू द्यायचं नाही, हे पथ्य काटेकोर पाळलं गेलं पाहिजे.

पवनीपासून समुद्र फार लांब आहे, मग ही उठाठेव कशाला, असं कुणी विचारेल. गोसीखुर्द धरणाच्या शेजारी राहणाऱ्यांना एक गोष्ट चांगली ठाऊक आहे. जे पाण्याखाली जातं ते दिसेनासं होतं, आणि जे दिसत नाही त्याचा हिशेब मागायला पुढे कुणी उरत नाही. समुद्राचा तळ तर जन्मापासून पाण्याखाली आहे. त्याचा हिशेब आपणच, किनाऱ्यावरच्यांनी आणि किनाऱ्यापासून दूर असलेल्यांनीही, आधीच मागून ठेवलेला बरा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)