सही करण्याआधी एक रकाना

आज पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो,

तुमचं अभिनंदन. आईवडिलांचं जरा जास्तच, कारण फी त्यांनी भरली आहे. औपचारिक भाग संपला. प्रॉडक्शनमध्ये केस पिकलेल्या माणसाच्या हाती माईक दिलात, तेव्हा आता कारखान्यातल्या गोष्टी ऐका.

मी भोसरीत नोकरीला लागलो तेव्हा लोक स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. माल खपणारच, ही खात्री. त्यामुळे चलती होती ती एसपीएमची, म्हणजे स्पेशल पर्पज मशीनची. एका पार्टसाठी एकच मशीन; हेड खाली आलं की सगळी भोकं एका फटक्यात. बघत राहावं असं काम! खंडेनवमीला पहिला हार त्याच मशीनला पडायचा.

मग मॉडेल बदललं. एक भोक चार मिलिमीटर सरकलं, बस्स. बेड ठणठणीत, मोटार ठणठणीत. पण हेडमधल्या स्पिंडलची अंतरं कायमची ठरलेली. भंगारवाला आला, टनाचा भाव ठरला. क्रेनने मशीन उचललं तेव्हा पॅनलच्या हँडलला झेंडूची वाळकी माळ तशीच होती.

पुढे सीएनसी आलं आणि आमची मंडळी थेट दुसऱ्या टोकाला गेली. वाटेल ते करू शकणारं महागडं मशीन घ्यायचं आणि त्यावर जन्मभर एकच ब्रॅकेट काढायचा! या दोन टोकांच्या मधली वाट योराम कोरेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. १९९६ मध्ये मिशिगन विद्यापीठात त्यासाठी खास केंद्र उभं राहिलं. म्हणणं सरळ होतं: लाइन एका पार्टसाठी नको आणि जगातल्या सगळ्या पार्टसाठीही नको, एकमेकांसारख्या पार्टच्या कुटुंबासाठी बांधा. हेड, फिक्श्चर, स्टेशन सुटी करता आली पाहिजेत. मागणी वाढली तर स्टेशन जोडा, पार्ट बदलला तर हेड बदला.

हे मी आमच्या खरेदी समितीपुढे मांडलं. दोन स्टेशनांची जागा मोकळी ठेवा, फाउंडेशन बोल्ट आत्ताच गाडून घ्या, फिक्श्चरचा बेस सगळ्यांना एकच ठेवा. उत्तर मिळालं, "रिकाम्या जागेचे पैसे कोण देतो?" जागा कापली गेली. कापणाऱ्या साहेबांना खर्च वाचवल्याबद्दल शाबासकीही मिळाली. पुढे मागणी वाढली, लाइन बंद ठेवून फरशी फोडावी लागली; तोवर साहेब बढती घेऊन दुसऱ्या खात्यात गेले होते.

माझं आणखी एक दुखणं आहे, ते म्हणजे सेटर, पुढच्या पार्टसाठी मशीन लावून देणारा माणूस. टोयोटात शिगेओ शिंगो यांनी हजार टनी प्रेसचं सेटिंग चार तासांवरून तीन मिनिटांवर आणलं, हे तुम्ही पुस्तकात वाचलं असेल. जे काम प्रेस चालू असताना होऊ शकतं ते आधीच उरकायचं, हे त्यातलं मर्म. आमच्याकडचे एक सेटर पुस्तक न वाचताच हे करत. पुढच्या पार्टच्या लोकेटिंग पिना, शिम, डायल सगळं ट्रॉलीवर आधीच मांडलेलं असायचं. अशी माणसं आपण कंत्राटावर ठेवतो आणि चेंजओव्हरला शिफ्ट का गेली म्हणून मीटिंग घेतो.

आता बाजार कुणासाठी थांबत नाही. १ एप्रिल २०२० ला गाड्यांच्या धुराचे बीएस-६ नियम लागू झाले, त्याच सुमारास मारुतीने डिझेल गाड्या बनवणं थांबवलं. इलेक्ट्रिक स्कूटरला तर क्रँकशाफ्टही नाही. पण तिच्या मोटारीचं हाउसिंग बहुतेकदा ॲल्युमिनियमचं कास्टिंगच असतं. त्यालाही बोअरिंग लागतं, टॅपिंग लागतं. हेड आणि फिक्श्चर बदलता येत असेल तर क्रँककेसच्या लाइनला नवं काम मिळू शकतं. नसेल तर भंगारवाल्याचा फोन नंबर जवळ ठेवा.

तुमच्यापैकी बरेच जण लवकरच मशीनच्या कोटेशनवर सह्या करतील. त्यात 'प्रति नग खर्च' असा रकाना असतो. त्याच्या शेजारी पेनने आणखी एक रकाना आखा: पार्ट बदलला तर किती दिवस आणि किती पैसे? साहेब वैतागतील, विक्रेता हसेल. तरीही तो रकाना भरल्याशिवाय सही करू नका.