गोमंतकीय वादकांची मुंबई

गोव्यातील चर्चच्या शाळांत बालपणीच स्वरलेखन आत्मसात करून पोटासाठी मुंबईस आलेल्या आणि धोबीतलावाच्या परिसरात आपापल्या गावाच्या सामाईक बिऱ्हाडांत उतरलेल्या ज्या वादकांनी हिंदी चित्रपटसंगीताचा भार वाहिला, त्यांची नावे तबकड्यांवर क्वचितच छापली गेली, ही उपेक्षा मला फार सलते. दिवसा ध्वनिमुद्रण, सायंकाळी लग्नाचा बँड, रात्री हॉटेलातील नृत्यवृंद, अशी त्यांची हजेरी. त्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर रात्रीची मिळकत आटू लागली, तेव्हा स्टुडिओचाच आधार उरला. त्यांच्यापैकीच, ताजमहाल हॉटेलात ट्रम्पेट वाजविणारे चिक चॉकलेट १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटात संगीतकार सी. रामचंद्रांच्या साथीस होते. आणि स्टुडिओतील काम तरी किती जोखमीचे! स्वरलिपीचा कागद आयत्या वेळी हाती पडे आणि एकाचा एक स्वर ढळला, तरी गायकासह साऱ्या वृंदास गीत पुनश्च आरंभापासून वाजवावे लागे.