आपला माणूस केंद्रात ठेवण्यापूर्वी

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आत्ताच आपण पंचशील ग्रहण केले. पाचवे शील म्हणताना काही माताभगिनींचा आवाज खाली जातो, हे आम्ही दरवर्षी पाहतो. दारू वाईट हे सांगायला आम्ही उभे नाही; ते तुम्हांस आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आम्ही बोलणार आहोत ते पुढचे. माणूस आवरेनासा होतो, घरातली भांडी विकली जातात, पोरांची शाळा सुटते. मग कोणीतरी एक फोन नंबर देतो. रात्री गाडी येते, चार जण त्याला उचलून नेतात आणि ते घर कितीतरी दिवसांनी शांत झोपते. त्या झोपेला आम्ही नावे ठेवत नाही. पण केंद्राचे दार लागल्यावर आत काय चालते, ही चौकशी आधी व्हायला हवी. ती कशी करायची, तेवढेच आज सांगायचे आहे.

केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्सकडून देशभर पाहणी करून घेतली, तिचा अहवाल २०१९ साली आला. दारूमुळे मदतीची गरज असलेले लोक ५ कोटी ७० लाख, आणि दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांतल्या जेमतेम एकाला काही ना काही उपचार मिळतो, असे त्यात आहे. गरज एवढी मोठी, चांगल्या खाटा थोड्या. मग कोणीही बंगला भाड्याने घेतो आणि पाटी लावतो.

सर्वांत मोठा धोका पहिल्या चार दिवसांचा. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की हातपाय थरथरतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत फीट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही जणांना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, नसलेल्या माणसांशी बोलणे चालते, बायको ओळखू येत नाही, ताप चढतो. डॉक्टर याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार झाला नाही तर यात माणूस दगावतो. आपल्याकडे एक म्हणतो, "नाटक करतोय." दुसरा म्हणतो, "बाहेरचं लागलंय, अंगारा लावा." आणि वाईट केंद्रात त्याला खाटेला बांधतात किंवा बडवतात. यावर औषध आहे, आणि ते डॉक्टरांना चांगले माहीत आहे. शांत करणाऱ्या गोळ्या देऊन त्यांचा डोस हळूहळू उतरवायचा, शरीरातले पाणी सांभाळायचे आणि बी-१ जीवनसत्त्व द्यायचे. दारू पिणाऱ्याच्या अंगात हे जीवनसत्त्व फार कमी उरते. ते न देता नुसते ग्लुकोज चढवले तर मेंदूला कायमची इजा होण्याची भीती असते.

म्हणून केंद्रात गेल्यावर गादी, टीव्ही, बाग नंतर बघा. आधी विचारा, रात्री दोन वाजता फीट आली तर कोण येणार? डॉक्टर रोज येतात की महिन्यातून एकदा सही करायला? रात्री नर्स असते का? जवळचे रुग्णालय किती लांब आणि गाडी कोणाची? "आमच्याकडे असं काही होतच नाही" असे उत्तर आले, तर चपला घाला आणि उठा.

आणि आपणही डॉक्टरांपासून काही लपवू नये. किती पितो, शेवटची कधी घेतली, पूर्वी फीट आली होती का, झोपेच्या गोळ्या, साखर, टीबी, सगळे सांगावे. लाजेपोटी निम्मे सांगितले की औषधही निम्मेच बसते.

आता कायदा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, तो मे २०१८ पासून लागू आहे. दारू आणि मादक पदार्थांमुळे होणारे मानसिक विकार त्यात येतात. त्यामुळे अशा रुग्णांना ठेवून घेणाऱ्या केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. इथे पुष्कळ लोक फसतात. भिंतीवर फ्रेम लावलेली असते ती बहुधा ट्रस्टच्या नोंदणीची! ट्रस्ट तर भजनी मंडळाचाही असतो. या कायद्याखालचे प्रमाणपत्र दाखवा, असे स्पष्ट म्हणावे.

माणसाला साखळीने बांधण्यास हा कायदा साफ मनाई करतो. बळजबरीने मुंडन करता येत नाही, अंगावरचे कपडे काढून गणवेश लादता येत नाही, कामाला जुंपता येत नाही. राजीखुशीने काम केले तर त्याचे पैसे द्यावे लागतात. शिक्षा म्हणून कोणाला जखडता येत नाही. इच्छेविरुद्ध दाखल करायचे तर मनोविकारतज्ज्ञासह दोघांनी रुग्णाला वेगवेगळे तपासावे लागते, आणि पहिल्या वेळी तीस दिवसांपुरतेच ठेवता येते. ती रात्रीची गाडी आणि चार पैलवान यात कुठे बसतात, तुम्हीच बघा. तक्रार ऐकणाऱ्या मंडळाचा पत्ता आणि फोन दर्शनी जागी लावणे केंद्रावर बंधनकारक आहे.

साखळीचे एवढे का सांगतो? ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडी येथे मनोरुग्णांना ठेवलेल्या एका खासगी निवासाला पहाटे आग लागली. आतली माणसे साखळ्यांनी जखडलेली होती. २८ जणांचा जीव गेला. ते व्यसनमुक्ती केंद्र नव्हते, हे खरे. पण आगीला पाटी वाचता येत नाही. मध्यंतरी आमच्यातले दोघे एका केंद्रात गेले होते. खिडक्यांना गज, सगळ्यांना मिळून एकच दार, त्याला बाहेरून कुलूप, आणि चावी घेऊन मालक बाजारात गेलेला. दुसरा जिना कुठे, असे विचारले तर तिथला माणूस हसला.

सेवा करणाऱ्याच्या अंगी काय असावे, हे भगवंतांनी विनयात सांगून ठेवले आहे. अतिसाराने पडलेल्या भिक्खूला स्वतः धुऊन स्वच्छ केल्याची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. त्याच जागी शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण येतात. त्याला औषध तयार करता यावे. पथ्य काय, कुपथ्य काय, हे कळावे. त्याने लाभासाठी नव्हे, मैत्रीभावाने सेवा करावी. मलमूत्र, वांती काढताना किळस करू नये. आणि वेळोवेळी धम्माचे चार शब्द सांगून रुग्णाला उभारी द्यावी. केंद्रातल्या वॉर्डबॉयकडे पाहताना हे पाच गुण मनात ठेवावेत. आम्हांस तरी याहून चांगली तपासणी सुचत नाही.

डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण सुरू केले. व्यसनातून बाहेर पडलेले लोकच तिथे पुढे कार्यकर्ते झाले. ज्याने भोगले त्याचे बोलणे मनाला लागते, हे खरेच. मात्र स्वतः दारू सोडली म्हणजे दुसऱ्याला इंजेक्शन देता येते असे नाही. दोन्ही माणसे लागतात, अनुभवाचाही आणि डॉक्टरही.

पैशाची पावती घ्या, किती दिवस ठेवणार ते लेखी घ्या. भेटू देत नाहीत, फोनवर बोलू देत नाहीत, असे असेल तर कारण विचारा. बाईमाणसाला ठेवायचे असेल तर तिथे रात्री स्त्री कर्मचारी असलीच पाहिजे.

शेवटी घरी येण्याचे. ब्राउन शुगर किंवा तसली इंजेक्शने घेणारा पोरगा महिनाभर आत राहून आला की त्याच्या शरीराची सवय मोडलेली असते. पुन्हा घसरला आणि पूर्वीइतकेच घेतले, तर तेवढ्यानेच श्वास थांबू शकतो. म्हणून सुटी मिळताना पुढच्या तपासणीची तारीख, गोळ्यांची चिठ्ठी आणि कोणाला फोन करायचा हे लिहून घ्यावे. सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे, तिथूनही जवळच्या केंद्राची माहिती मिळते.

केंद्र बघायला एकट्या बाईने जाऊ नये, तिला तिथे कोणी धड उत्तर देत नाही. रविवारी वंदनेनंतर विहारात सांगा, आमच्यातले दोघे जण सोबत येतील. येताना डॉक्टरांचे जुने कागद तेवढे घेऊन या.