आपण पाहिलेला अर्धा पडदा



मराठवाड्यातल्या आपल्या पुंडलिकनगरच्या या संमेलनात रशियन आणि सोव्हिएत सिनेमावर अध्यक्षीय भाषण आहे, हे निमंत्रणपत्रिकेत वाचून काहींना हसू आलं असेल. पुंडलिकनगर म्हटलं की शहराला पाण्याची टाकी आठवते आणि नळाला पाणी कितव्या दिवशी येणार हा प्रश्न आठवतो. इथे मॉस्को, लेनिनग्राड कुठून आलं? मला विचाराल तर जागा अगदी योग्य आहे. जगाचा सिनेमा पाहण्याचं आणि त्यावर बोलण्याचं काम आपण फार वर्षं पुण्या-मुंबईकडे सोपवून मोकळे झालो होतो. त्यांनी ते मनापासून केलं, पण त्यांच्या नजरेतून जे दिसलं तेवढंच आपल्यापर्यंत आलं. आज मला जे मांडायचं आहे ते एवढंच, की सोव्हिएत पडदा आपण अर्धाच पाहिला. आणि गंमत अशी, की त्यांनीही आपला अर्धाच पाहिला.

सुरुवात पडद्याच्याही आधीपासून करावी लागेल. पंधराव्या शतकात, १४७० च्या आसपास, त्वेर शहराचा अफानासी निकितिन नावाचा व्यापारी एक घोडा घेऊन चौलच्या बंदरात उतरला. तिथून घाट चढून जुन्नरला आला. पावसाळा तिथेच काढला. जुन्नरच्या असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर घोडाही देईन, वर हजार मोहरा देईन, असं सांगितलं. खुरासानच्या एका महंमदाने मध्ये पडून त्याला सोडवलं. मग तो बहमनी राजधानी बीदरला गेला आणि पुढे दाभोळहून परतीच्या जहाजात बसला. घरी मात्र पोचला नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला. त्याची वही तेवढी पोचली. तिच्यात घोड्यांचे भाव आहेत, गोऱ्या माणसाला पाहायला जमणारी गर्दी आहे आणि स्वतःच्या धर्माचे सणवार कोणत्या दिवशी येतात याचा हिशेब हरवल्याची हळहळ आहे. रेवदंड्याला त्याच्या नावाचं स्मारक आज उभं आहे.

या माणसावर १९५७ साली चित्रपट निघाला, ‘परदेसी’. ख्वाजा अहमद अब्बास यांची ‘नया संसार’ आणि मॉस्कोची मोसफिल्म यांनी तो मिळून काढला. दिग्दर्शक दोन, अब्बास आणि वसिली प्रोनिन. निकितिन झाला ओलेग स्त्रिझेनोव, चंपा नर्गिस, महमूद गवान पृथ्वीराज कपूर आणि सखाराम बलराज साहनी. भारत आणि सोव्हिएत संघाचा हा पहिला संयुक्त चित्रपट, आणि त्याचा नायक पाय ठेवतो तो आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर. तरी मराठी माणसाच्या आठवणीत हा चित्रपट जवळपास नाही. माझं मत विचाराल तर चित्रपट देखणा आहे, पण गुळचट आहे. दोन देशांच्या मैत्रीचा करार पडद्यावर करायचा असेल तर नायकाचा एकटेपणा फार दाखवून चालत नाही. वहीतला निकितिन कडू आहे, भेदरलेला आहे, शेवटी शेवटी तर कोणत्या भाषेत प्रार्थना करतो तेही त्याला कळेनासं झालेलं आहे. तो चित्रपट अजून कोणी काढलेला नाही. जुन्नरचा पावसाळा आपल्याला ठाऊक आहे. एखाद्या मराठी दिग्दर्शकाने मनावर घ्यावं.

आता देवाणघेवाणीकडे येतो. १९५१ मध्ये दिग्दर्शक पुदोव्किन आणि नट निकोलाय चेर्कासोव भारतात येऊन गेले. पुढच्याच वर्षी मुंबईत आपला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव झाला, त्यात ‘द फॉल ऑफ बर्लिन’ दाखवला गेला. १९५४ मध्ये तिकडे भारतीय चित्रपटांचा महोत्सव भरला आणि राज कपूरच्या ‘आवारा’ने सोव्हिएत संघ वेडा केला. सहा कोटींहून जास्त तिकिटं खपली. तीस वर्षांनी मिथुनच्या ‘डिस्को डान्सर’नेही जवळपास तेवढीच खपवली. म्हणजे तिकडच्या गिरणीतल्या बाईला, ट्रॅक्टरवाल्याला आपल्याकडून काय मिळालं? गाणी, आसवं, नाच. ऋत्विक घटक त्यांच्यापर्यंत पोचले नाहीत.

आणि आपल्याला काय मिळालं? बरोबर उलटं. पुण्यात प्रभातच्या जागेवर १९६० मध्ये चित्रपटांची संस्था सुरू झाली, १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आलं. जिथे ‘संत तुकाराम’चं चित्रीकरण झालं होतं, त्याच आवारात मुलं आयझेन्स्टाइनच्या ‘बॅटलशिप पोटेमकिन’मधल्या ओडेसाच्या पायऱ्या शॉट-शॉट सुटा करून अभ्यासू लागली. घटक तिथे शिकवत होते, त्यांचं आयझेन्स्टाइनवर प्रेम. सतीश बहादूर रसास्वाद शिकवत होते. पी. के. नायर संग्रहालयात फिल्मचे डबे सांभाळत होते आणि फिल्म सोसायट्यांना गावोगाव प्रिंट पाठवत होते. मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळ होतं. या लोकांचे उपकार मोठे आहेत आणि ते मी कमी लेखत नाही. पण त्यातून आपल्याकडे जो सोव्हिएत सिनेमा आला तो वर्गातला होता. ‘बॅटलशिप पोटेमकिन’, ‘मदर’, पुढे तारकोव्हस्की. जिना उतरणारी बाबागाडी आपल्याला पाठ झाली. पडद्यावरची ती कत्तल १९०५ मध्ये ओडेसाच्या पायऱ्यांवर तशी घडलीच नव्हती, ती आयझेन्स्टाइनने संकलनाच्या टेबलावर घडवली, हेही आपण शिकलो. पण ओडेसातला माणूस रविवारी कोणता सिनेमा पाहून हसतो, हे आपल्याला कोणी सांगितलं नाही.

तो पाहायचा तो लिओनिद गायदाई. ‘द डायमंड आर्म’, १९६९. प्लास्टर केलेल्या हातात हिरे लपवलेत हे कळून भांबावलेला साधा कारकुनी गृहस्थ आणि त्याच्या मागे लागलेले चोर. आणि तो पाहायचा तो एल्दार र्‍याझानोव. त्याचा ‘आयरनी ऑफ फेट’ १ जानेवारी १९७६ ला टीव्हीवर दाखवला आणि तेव्हापासून नववर्षाच्या रात्री तो लावायची तिकडे प्रथाच पडली. गोष्ट ऐका. मॉस्कोतला एक डॉक्टर ३१ डिसेंबरला मित्रांबरोबर हमामात जातो, भरपूर पितो, आणि घोटाळ्यात भलतंच विमान त्याला लेनिनग्राडला नेऊन सोडतं. त्याला वाटतं आपण मॉस्कोतच. टॅक्सीवाल्याला स्वतःचा पत्ता सांगतो, तर त्या नावाचा रस्ता तिथेही असतो. तशीच इमारत, तोच घर क्रमांक. खिशातली किल्ली लावतो, कुलूप उघडतं. आत तसंच कपाट, तसाच पलंग. झोपतो. मग घराची मालकीण येते.

मित्रहो, आपल्या सिडकोत एन-चार, एन-सहा, एन-आठ करत एकदा तरी रात्री पाहुण्याचं घर ज्याने शोधलंय, त्याला या चित्रपटाची प्रस्तावना लागणार नाही. तीच रांग, तेच जिने, तोच पांढरा चुना. र्‍याझानोवने सरकारी घरबांधणीची जी टर उडवली आहे ती कुठल्याही निषेधाच्या पत्रकाला जमली नसती, आणि ती सरकारी दूरदर्शनवरूनच घराघरात गेली. माझ्या मते हा चित्रपट सोव्हिएत नागरिक समजायला ‘पोटेमकिन’पेक्षा जास्त उपयोगाचा आहे. काही जाणकार यावर नाराज होतील. होऊ द्या.

म्हणजे जुने उस्ताद सोडून द्यायचे असं नाही. त्यांना पुण्याच्या वर्गातून बाहेर काढून आपल्या शिवारात आणायचं. अलेक्झांडर दोव्हझेन्कोचा १९३० चा मूकपट ‘झेमल्या’, म्हणजे जमीन, घ्या. पुस्तकांत त्याच्याबद्दल काव्यात्म, काव्यात्म असं इतकं लिहिलंय की माणूस घाबरूनच पाहत नाही. प्रत्यक्षात काय आहे? युक्रेनमधल्या एका गावात पहिला ट्रॅक्टर यायचा आहे. सगळा गाव वाटेवर डोळे लावून. आणि ट्रॅक्टर वेशीबाहेर बंद पडतो, कारण रेडिएटरमध्ये पाणी नाही. आसपास पाणी मिळत नाही. तेव्हा बरोबरची माणसं एकमेकांकडे बघतात, आडोसा करून उभी राहतात आणि आपापल्या परीने रेडिएटर भरतात. ट्रॅक्टर चालू! हा प्रसंग तिकडच्या सेन्सॉरला झेपला नाही, त्यांनी कापायला लावला. मराठवाड्यात तो कापायची गरज नाही. टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला त्यातला विनोद आणि त्यातली निकड, दोन्ही एकदमच कळतात.

पण खरी गोष्ट पुढे आहे. वासिल हा तरुण तो ट्रॅक्टर चालवतो आणि जोरात निघालेला फाळ थेट सधन शेतकऱ्याचा बांध मोडून पुढे जातो. बांध! आपल्याकडे बांधावरून भावाभावांत कुऱ्हाडी निघाल्यात, तीन-तीन पिढ्या कोर्टात गेल्यात. त्या रात्री वासिल चांदण्यात गावच्या धुळीच्या रस्त्यावरून एकटाच नाचत निघतो, आनंदाने, आणि अचानक कोसळतो. गोळी कोणी घातली हे प्रेक्षकाला सांगावं लागत नाही. पॅरिसच्या समीक्षकाला इथे प्रतिमा दिसते. पैठण-गंगापूरच्या शेतकऱ्याला फौजदारी प्रकरण दिसतं. माझ्या मते दोन्ही दिसलं पाहिजे, आणि दुसरं आपण सांगितल्याशिवाय जगाला कळणार नाही. आणखी एक गोष्टही सांगितली पाहिजे. सामुदायिक शेतीचं हे स्वप्न पडद्यावर आल्यानंतर दोन-तीन वर्षांतच, १९३२-३३ मध्ये, त्याच युक्रेनमध्ये सक्तीने धान्य उचललं गेलं आणि लाखो माणसं उपाशी मेली. ‘झेमल्या’च्या पडद्यावरची सफरचंदं पाहताना हे विसरायचं नाही. म्हणून चित्रपट टाकून द्यायचा असंही नाही.

नाटकवाल्या मित्रांसाठी एक जोडी सुचवतो. शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ १९७० च्या डिसेंबरात रंगमंचावर आलं. ग्रिगोरी कोझिन्त्सेवचा ‘किंग लिअर’ १९७१ चा. मूळ एकच, शेक्सपिअर. डॉ. लागूंचे अप्पासाहेब घराण्याच्या, रंगभूमीच्या उंचीवरून खाली उतरतात आणि शेवटी रस्त्यावरच्या बूटपॉलिशवाल्या पोराजवळ येतात. कोझिन्त्सेवचा लिअर एस्टोनियाचा नट यूरी यार्वेत, अंगाने लहानखुरा, पांढऱ्या केसांचं एक म्हातारं पाखरू. आणि चित्रपट सुरू होतो तोच भिकारी, लंगडे, गाठोडी घेतलेल्या बायकांच्या लोंढ्यापासून. राजा अजून यायचा आहे. शिरवाडकर शेवटी ज्या रस्त्यावर पोचतात तिथून कोझिन्त्सेव निघतो. दोन्ही लागोपाठ पाहा. ‘नटसम्राट’ त्याने लहान होत नाही, उलट त्यात काय मराठी आहे ते नीट दिसतं.

पडद्याचा आणखी एक तुकडा आपल्यापासूनच काय, त्यांच्याच लोकांपासून लपवला गेला होता. अस्कोल्दोवचा ‘कॉमिसार’ १९६७ चा. वीस वर्षं कपाटात होता. दिग्दर्शकाला पुन्हा कथापट करता आला नाही. १९८६ मध्ये चित्रपट कलावंतांच्या संघाची सूत्रं एलेम क्लिमोवकडे आली, तेव्हा अशी कुलपं उघडू लागली. मैत्रीच्या काळात आपल्याकडे येणारी यादी कोणीतरी आधी चाळलेली होती, हे आपल्या तेव्हाच्या उत्साही मंडळींनी फारसं विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आणि सगळ्याला सरसकट रशियन म्हणणं आता थांबवू या. दोव्हझेन्को युक्रेनचा, पाराजानोव आर्मेनियन, ‘द क्रेन्स आर फ्लाइंग’चा कलातोझोव जॉर्जियाचा. ‘द असेंट’ हा १९७७ चा, बर्फातला, माझ्या दृष्टीने युद्धावरचा सर्वांत कठोर चित्रपट करणारी लारिसा शेपित्को जन्मली बाखमुतला. ते बाखमुत २०२३ पर्यंत रशियन तोफांखाली बेचिराख झालं. आज तिचा चित्रपट पाहताना हे माहीत नसेल तर आपण अर्धवट पाहतो आहोत.

हे सारं पाहण्याची सोय आता अडचणीची राहिलेली नाही. मोसफिल्मने २०११ पासून आपले कितीतरी चित्रपट इंग्रजी सबटायटलसह यूट्यूबवर ठेवले. पुंडलिकनगरातल्या गच्चीवर मोबाइलवर ते दिसतात. अडचण बोलण्याची आहे. चित्रपटाची गोष्ट सांगायची आणि शेवटी ‘अप्रतिम’ म्हणायचं, ही आपली समीक्षा. नांदेडसारख्या गावात राहून विजय पाडळकरांनी जागतिक सिनेमावर लिहिलं, चेखववरही एक अख्खं पुस्तक लिहिलं. म्हणजे मराठवाड्यात राहून हे होतं. फक्त त्यांच्यामागून रांग लागली नाही.

म्हणून या व्यासपीठावरून एक मागणी करतो, आणि ती सरकारकडे नाही, तुमच्याकडे आहे. ‘झेमल्या’ मूकपट आहे. त्यात संवादांच्या पाट्या थोड्या आहेत, त्याही आखूडच. आपल्या मूकपटांच्या काळात पाट्या इंग्रजीसोबत देशी भाषांतही असत आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांना कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवी. इथे शिक्षक आहेत, वकील आहेत, संगणकावर काम करणारी मुलं आहेत. या पाट्या मराठीत लिहा. वासिलच्या गावाची बोली आपल्या गंगाथडीची करा, पुस्तकी करू नका. मग इथेच, या मंडपात, पहिला खेळ लावा. बोलावणी समीक्षकांच्या आधी शेतकऱ्यांना पाठवा, आणि बांध मोडल्यावर ते काय म्हणतात ते लिहून घ्या. पडद्याचा आणि पाट्या वाचणाऱ्याचा खर्च मी देतो.