मोताळ्याचा प्रश्न आणि पुण्याची प्रयोगशाळा

बुलढाणा जिल्ह्यांतील लोक आपल्या जिल्ह्याचे दोन भाग मानतात. एक घाटावरचा आणि दुसरा घाटाखालचा. बुलढाण्याहून मलकापूरकडे जाणारी सडक राजूरचा घाट उतरून सपाटीस लागली म्हणजे मोताळा हें तालुक्याचें गांव येतें. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, मका व तूर हीं पिकें, आणि नळगंगेवरचें धरण हें या तालुक्याचें भांडवल. नळगंगा येथून मलकापुराकडे वाहत जाऊन पूर्णेस मिळते. आणि त्या खोऱ्यांत जसजसें खालीं उतरत जावें तसतसें विहिरींचें पाणी मचूळ लागूं लागतें. बुलढाणा, अकोला व अमरावती या जिल्ह्यांत पसरलेला हा खारपाण पट्टा. विहीर भरलेली असावी, आणि तिचें पाणी ना पिण्यास गोड ना पिकास मानवणारें, अशी तेथील कित्येक गांवांची अवस्था आहे.

अशा प्रदेशाचा, संगणकाच्या आज्ञावली तयार करून त्या देशोदेशीं विकणाऱ्या एखाद्या मोठ्या कंपनीशीं काय संबंध, असें कोणीही विचारील. पण असा संबंध जोडण्याचा प्रयत्न महाराष्ट्रांतच झालेला आहे. तो कसा झाला, कोठवर पोंचला आणि कोठें थांबला, याचा हिशेब मांडला असतां मोठ्या कंपन्या संशोधनावर पैसा कां खर्च करतात आणि त्या संशोधनाचें दार बाहेरच्यांस कितपत उघडतात, हें ध्यानांत येईल.

व्यापारी खर्चाचे दोन प्रकार ओळखतो. ज्याचें फळ याच वर्षीं पदरीं पडतें तो एक, आणि ज्याचें फळ केव्हां येईल, किंबहुना येईल कीं नाहीं, हेंही सांगतां येत नाहीं तो दुसरा. संशोधनाचा खर्च दुसऱ्या प्रकारचा आहे. शेतकऱ्यास ही गोष्ट समजावून द्यावी लागत नाहीं. घरांत धान्याची ओढ असली तरी बियाण्याच्या कणगीस हात लावावयाचा नाहीं, हा त्याच्या घरचा नियमच असतो. फरक इतकाच कीं, आपण काय पेरीत आहों हें शेतकऱ्यास ठाऊक असतें. संशोधकास पुष्कळदां तेंही पुरतें ठाऊक नसतें.

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही संस्था १९६८ सालीं मुंबईस सुरू झाली. टाटांच्या वीज कंपनींतून तिच्याकडे आलेले फकीरचंद कोहली यांनीं तिला आकार दिला. संगणक परदेशांतून आणणें महागाचें, आणि परवान्याच्या खटपटीचेंही होतें, असा तो काळ. परदेशी ग्राहकाचें काम घ्यावें, तें सांगितल्याप्रमाणें करून द्यावें आणि मोबदला घ्यावा, एवढ्यावर ही संस्था समाधान मानूं शकली असती. तथापि १९८१ सालीं कोहली यांच्या पुढाकारानें पुण्यास हडपसर येथें 'टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर' ही संशोधनसंस्था निघाली. तिचे पहिले संचालक ई. सी. सुब्बाराव हे कानपूरच्या आय. आय. टी. मधून आलेले, द्रव्यांच्या गुणधर्मांचे व्यासंगी अभ्यासक होते. सॉफ्टवेअरच्या धंद्यांतील प्रयोगशाळेच्या मुख्य जागीं असा मनुष्य नेमला जावा, ही गोष्ट सूचक आहे. एकाच छपराखालीं दोन विद्या नांदूं लागल्या. एकीकडे, आज्ञावली लिहिण्याचें कंटाळवाणें काम आज्ञावलीकडूनच कसें करवून घ्यावें याचा अभ्यास. आणि दुसरीकडे, पोलाद व इतर द्रव्यें तयार करण्याच्या क्रिया गणितानें कशा मांडाव्यात याचा शोध. पहिल्या शाखेंतून 'मास्टरक्राफ्ट' नांवाचीं साधनें निघालीं, आणि कंपनीच्या धंद्यास त्यांचा प्रत्यक्ष उपयोग झाला. दुसऱ्या शाखेंतून जें निघालें त्याचा संबंध घराघरांतील पाण्याच्या हंड्याशीं येतो.

भात सडला म्हणजे त्याच्या वजनाचा सुमारें पांचवा हिस्सा तूस म्हणून वेगळा होतो. तें तूस जाळलें कीं जी राख उरते तिच्यांत बहुतांश सिलिका असते, आणि ती राख अत्यंत सच्छिद्र असते. पाणी तिच्यांतून झिरपलें म्हणजे त्यांतील गाळ व बारीक कण तिला चिकटून राहतात. या गुणाचा उपयोग करून पुण्याच्या संशोधकांनीं राख व सिमेंट यांचा थर असलेली एक स्वस्त गाळणी तयार केली आणि तिला 'सुजल' असें नांव दिलें. पुढें त्याच राखेवर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसविण्याची युक्ति साधली. राखेनें गाळ अडवावा आणि चांदीनें रोगजंतूंचा नाश करावा, अशी ती योजना. या गाळणीस वीज लागत नव्हती आणि नळही लागत नव्हता. २००९ सालच्या डिसेंबरांत 'टाटा स्वच्छ' या नांवानें ती बाजारांत आली, तेव्हां तिच्या दोन प्रकारांची किंमत ७४९ व ९९९ रुपये होती. मूळ कल्पना संगणक कंपनीच्या प्रयोगशाळेची. ती बाजारांत आणणारी टाटा केमिकल्स. आणि यंत्राच्या घडणींत हात घड्याळें करणाऱ्या टायटनचा. एकट्या प्रयोगशाळेस हें साधलें नसतें. आज्ञावली विकणाऱ्यास राखेच्या गाळण्या दुकानोदुकानीं पोंचविण्याची वाट ठाऊक नसते.

मात्र येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. गाळ आणि जंतु हे पाण्यांत तरंगत असतात; क्षार विरघळलेले असतात. तुसाची राख पहिल्यांचा बंदोबस्त करते. दुसऱ्यांपुढें ती निरुपाय आहे. क्षार काढावयाचे तर दाब देऊन पाणी अतिसूक्ष्म पडद्यांतून रेटावें लागतें. त्यास वीज लागते, आणि जें पाणी पडद्यापलीकडे जात नाहीं तें अधिकच खारें होऊन वायां जातें. म्हणजे ज्या गाळणीनें गढूळ पाण्याच्या गांवांचा प्रश्न हलका झाला असता, तिचा पूर्णेच्या खोऱ्यांतील खारट विहिरीस कांहींच उपयोग नव्हता. यांत प्रयोगशाळेचा दोष नाहीं. तिच्यापुढें जो प्रश्न ठेवला गेला त्याचें उत्तर तिनें शोधलें. खारपाण पट्ट्याचा प्रश्न त्या मेजावर नव्हता, एवढेंच त्यावरून दिसतें.

प्रश्न मेजावर कोणी ठेवावयाचा, या मुद्द्यापाशींच संशोधनाच्या खुलेपणाचा विचार सुरू होतो. अमेरिकेंतील प्राध्यापक हेन्री चेसब्रो यांनीं २००३ सालीं या पद्धतीस 'ओपन इनोव्हेशन' असें नांव दिलें. जगांतील सगळे शहाणे आपल्याच पगारपत्रकावर नसतात, हें कंपनीनें मान्य करावें. बाहेरच्या कल्पना आंत घ्याव्यात, आणि आंत पडून राहिलेल्या कल्पना इतरांस वापरूं द्याव्यात, असा त्याचा भावार्थ. नांव नवें असलें तरी व्यवहार जुना आहे. अमेरिकेच्या टेलिफोन कंपनीच्या बेल प्रयोगशाळेंत १९४७ च्या डिसेंबरांत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. तो तिनें कुलुपांत ठेवला नाहीं. १९५२ सालीं २५,००० डॉलर आगाऊ भरणाऱ्या कंपन्यांस तिनें त्याची विद्या शिकविली, आणि बहिऱ्यांच्या श्रवणयंत्रांपुरतें स्वामित्वशुल्क माफ केलें. पुढें सोनी या नांवानें प्रसिद्धीस आलेली टोकियोची एक लहानशी कंपनी हा परवाना घेणाऱ्यांपैकींच होय. तिचा ट्रान्झिस्टर रेडिओ १९५५ सालीं विक्रीस आला. अमेरिकन सरकारनें १९४९ सालीं मक्तेदारीविरुद्ध भरलेल्या खटल्याचें दडपण टेलिफोन कंपनीवर होतें, हेंही येथें सांगितलें पाहिजे. दार उघडण्यास औदार्य जसें कारण होतें, तसा धाकही कारण होतो.

टाटा कन्सल्टन्सीनें 'को-इनोव्हेशन नेटवर्क' या नांवानें असेंच एक जाळें उभारलें. त्यांत विद्यापीठें आहेत, नवे उद्योग काढणारे तरुण आहेत, त्यांस भांडवल पुरविणारे आहेत आणि कंपनीचे ग्राहकही आहेत. २०१० सालापासून देशांतील विद्यालयांत संगणकशास्त्रांत पीएच. डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीं कंपनीनें शिष्यवृत्त्या सुरू केल्या. यांत प्रत्येकाचा लाभ वेगळा आहे. विद्यार्थ्यास निर्वाह आणि मार्गदर्शन मिळतें. नव्या उद्योगास मोठा ग्राहक दिसतो. आणि कंपनीस, जी विद्या घरीं वाढविण्यास दहा वर्षें लागलीं असतीं तिचा परिचय लवकर होतो. हा दानधर्म नव्हे आणि लूटही नव्हे; ही देवघेव आहे. देवघेवींत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं; मात्र तिचा हिशेब दोन्ही बाजूंस दिसला पाहिजे.

या देवघेवीचा शेतकऱ्याशीं प्रत्यक्ष संबंध आला तो 'एम-कृषि' या योजनेंत. कंपनीच्या मुंबईच्या प्रयोगशाळेनें ती तयार केली आणि महाराष्ट्रांतील गांवांतही तिचे प्रयोग केले. शेतकऱ्यानें आपल्या भाषेंत, आपल्या आवाजांत प्रश्न विचारावा, रोगट पानाचें छायाचित्र मोबाइलवरून धाडावें, आणि दूर बसलेल्या तज्ज्ञानें तेथील हवामान व जमीन यांची माहिती पुढें ठेवून उत्तर द्यावें, अशी ती रचना होती. पुढें रायगडच्या किनाऱ्यावरील कोळ्यांसाठीं तिचें वेगळें रूप केलें गेलें. त्यांत केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था आणि हैदराबादची सागरी माहिती सेवा संस्था यांचें साहाय्य होतें. उपग्रहावरून समुद्राच्या पृष्ठाची उष्णता आणि पाण्यांतील हरितद्रव्य मोजून मासळी कोठें असण्याचा संभव आहे हें सांगतां येतें. तें कोळ्यास मराठींत, त्याच्या हातांतील फोनवर कळावें, हा हेतु. माहिती सरकारी संस्थेची, वाट कंपनीची, आणि समुद्राचा अनुभव कोळ्याचा, असें हें तिघांचें काम होतें.

आतां आक्षेपाकडे वळावें. शेतकरी जें छायाचित्र धाडतो तें त्याच्या दृष्टीनें एका दिवसाच्या चिंतेचें काम असतें. कंपनीच्या दृष्टीनें तें किमती द्रव्य आहे. यंत्रास पिकाचा रोग ओळखावयास शिकवावयाचें तर अशीं हजारों छायाचित्रें लागतात. विहिरींच्या पाण्याचे आंकडे, पेरणीच्या तारखा, पावसाचीं मापें, या सर्वांचें असेंच आहे. हें द्रव्य ज्यांनीं पुरविलें त्यांस परत काय मिळावयाचें, हें जर आधीं ठरलेलें नसेल, तर दार उघडें असतें खरें, पण तें फक्त आंत नेण्यासाठीं उघडें असतें. म्हणून अशा कामांत तीन गोष्टींचा आग्रह धरणें रास्त ठरेल. एक, गांवाशीं किंवा तेथील विद्यालयाशीं होणारा करार लेखी, आणि मराठींत असावा. दुसरी, ज्या संशोधनांत सरकारचा पैसा वा सरकारी संस्थेची माहिती आहे त्याचीं फळें सर्वांस वाचतां येतील अशीं प्रसिद्ध व्हावींत. तिसरी, आंकडे गोळा करणाऱ्या स्थानिक मंडळींचें नांव त्या कामावर यावें.

पण आग्रह धरावयास हातीं कांहीं असावें लागतें, आणि येथें मोताळ्यासारख्या गांवाचें स्वतःचें कर्तव्य सुरू होतें. 'आमचें पाणी खारें आहे' ही तक्रार झाली. प्रयोगशाळेस तिचें कांहीं करतां येत नाहीं. अमुक विहिरीचें पाणी मृगापूर्वीं इतकें खारें होतें, दसऱ्यास इतकें, आणि धरणाचें पाणी कालव्यास सुटल्यावर इतकें झालें, असें दोन वर्षांचें टिपण समोर आलें म्हणजे तक्रारीचा प्रश्न बनतो. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरलेल्या विहिरींची पातळी ठराविक महिन्यांत मोजते; तिचे आंकडे मागतां येतात. पाण्यांतील क्षारांचा अंदाज देणारें, खिशांत मावेल एवढें यंत्र आतां थोडक्या पैशांत मिळतें. तालुक्याच्या विद्यालयांतील दहा विद्यार्थ्यांनीं आपापल्या गांवच्या एकेका विहिरीची वही ठेवली तरी जें साधन तयार होईल तें पुण्यामुंबईच्या कोणत्याही प्रयोगशाळेस घरबसल्या मिळणारें नाहीं. देवघेवींत बरोबरीनें बसावयास जी पत लागते ती अशा वहीनें येते.

शहरांतील सुशिक्षित घरांसही या व्यवहारांत जागा आहे. टाटा कन्सल्टन्सीचे भाग २००४ सालीं जनतेस विक्रीस आले, आणि आज कित्येक मध्यमवर्गीय घरांत अशा कंपन्यांचे भाग आहेत. पुष्कळांचे मुलगे व मुली त्यांत नोकरीस आहेत. वार्षिक अहवाल घरीं आला म्हणजे लाभांशाचा आंकडा प्रथम पाहिला जातो, हें स्वाभाविक आहे. त्याच अहवालांत संशोधनाचें पान असतें. तें वाचून, हा पैसा कोणत्या प्रश्नांवर लागला, ते प्रश्न कोणी विचारले होते, आणि उत्तर विचारणाऱ्यापर्यंत पोंचलें काय, असें विचारण्याचा हक्क भागधारकास आहे. एखादें फळ उशिरां येणार असेल तर धीर धरण्याचीही जबाबदारी त्याचीच. लाभांश दोन पैशांनीं कमी झाला म्हणून बियाण्याची कणगी उघडण्याची मागणी जर घराघरांतून होऊं लागली, तर कोणत्याही संचालकाचें धैर्य फार दिवस टिकणार नाहीं.

तुसाची राख शतकानुशतकें उकिरड्यावर जात होती. तिचा गुण ओळखण्यास प्रयोगशाळा लागली. पण पाणी गढूळ आहे, हें कोणीतरी त्या प्रयोगशाळेस आधीं सांगावें लागलें. खारट विहिरींचें उत्तर कदाचित् याहून अवघड असेल, खर्चाचेंही असेल. तें शोधावयास पुण्याचा संशोधक बसावा असें वाटत असेल तर त्या विहिरींची वही त्याच्या मेजावर पोंचली पाहिजे, आणि तिच्या मोबदल्यांत गांवास काय परत मिळावयाचें, हें ती मोताळ्याहून निघण्यापूर्वींच ठरलें पाहिजे.