तांदूळ पेरून भात उगवत नाही

(भोर येथील व्याख्यानाचा संपादित भाग)



पत्रिकेत विषय छापलाय ‘चित्रांच्या आधुनिक फाईली आणि त्यांचं रूपांतर’. एवढं वाचूनही खुर्च्या भरल्यात, म्हणजे घरोघरी लाईट गेलेली दिसते. (हशा)

जेपेग, पीएनजी तुम्ही रोज हाताळता, त्यांचा इतिहास सोडून देतो. २०१० साली गूगलनं वेबपी आणलं, २०१९ साली एव्हीआयएफ आलं. दोन्हींचं मूळ व्हिडिओत. व्हिडिओ दाबून लहान करायचं तंत्र एकाच स्थिर चित्राला लावलं. फाईल हलकी होते, रेंजचा एक दांडा असला तरी पान उघडतं. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार कशाबद्दल, ते एका फ्लेक्सवरून सांगतो. जत्रेसाठी पोरांना राजगडाचा फोटो हवा होता, निळ्या आभाळावर भगवा. कुठल्याशा वेबसाईटवरून उतरवला, तो निघाला वेबपी. दुकानातलं जुनं फोटोशॉप तो उघडेना. मग एकानं ऑनलाईन पीएनजी करून आणला. फाईल कितीतरी पट फुगली. पोरं खूश, ‘क्वालिटी वाढली!’ (हशा) मागच्या रांगेतल्या फ्लेक्सवाल्यांनी मान खाली घालू नये, दोष तुमचा नाही.

वेबपीच्या दाबलेल्या प्रकारात उजेड-अंधार प्रत्येक बिंदूचा वेगळा राहतो, पण रंग चार बिंदूंना मिळून एकच. जेपेगही बहुधा हेच करतं, पण तिथं ते टाळायची सोय आहे, इथं नाही. मोबाइलवर कळत नाही. बारा फुटी फ्लेक्सवर ध्वजाची कड बघितली, तर भगवा निळ्यात उतरलेला आणि मधे मळकट पट्टी. फोटो गावातल्याच एका मुलानं काढलेला. त्याला विचारलं, मूळ फाईल कुठाय? म्हणाला, ‘मोबाइल भरला होता, उडवली.’

इंद्रायणी पिकवणाऱ्यांना मी वेगळं काय सांगू? भात गिरणीत घातलं की तांदूळ होतो, पण तांदूळ पेरून भात उगवत नाही. बियाणं वेगळं काढून ठेवावंच लागतं.

कुणी म्हणेल, वेबपीत काहीच न गमावणारा प्रकारही आहे. आहे, मान्य! पण आधी गेलेलं तो कुठून आणणार?

सचिवांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. जेपेग एक्सएल राहिलंच की! एवढंच सांगतो: ते जुनी जेपेग फाईल साधारण वीस टक्के लहान करतं आणि मागाल तेव्हा एका बिटाचाही फरक न पडता परत देतं. मला मनापासून पटलेलं हे एकच रूपांतर, आणि क्रोमनं २०२२ साली नेमकं तेच काढून टाकायचं ठरवलं. (टाळ्या) अहो, टाळ्या कशाला वाजवताय!

२०२५ च्या जुलैत राजगड जागतिक वारसा यादीत गेला. आता फोटो मागणारे वाढतील. वेबसाईटला वेबपी द्या, अर्जाला जेपेग द्या, पण दर वेळी मूळ फाईलवरूनच नवी प्रत काढा; प्रतीची प्रत नको. मूळ फाईल दोन ठिकाणी ठेवा, त्यातली एक घराबाहेर. दुसरी चिठ्ठी आली, थांबतो. प्रश्न असतील त्यांनी चहाला भेटा. आणि मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायचाच असेल, तर कृपा करून डॉक्युमेंट म्हणून पाठवा.