नफ्याची मर्यादा कोणी आखावयाची?



कौटिल्याच्या अर्थशास्त्रात व्यापाऱ्याच्या नफ्याचा आकडाच दिलेला आहे. स्वदेशी मालावर शेकडा ५, परदेशी मालावर शेकडा १०. त्यापुढे गेल्यास दंड. कौटिल्य व्यापाराचा वैरी नव्हता. राज्याचा कोश व्यापारावरही पोसला जातो, हे तो पुरते जाणून होता. मात्र प्रजेला पीडा देणारा लाभ, मग तो कितीही मोठा असो, राजाने नाकारावा असे त्याने स्पष्ट सांगितले.

आज आपल्या हाती काय आहे? पाकिटावरील कमाल किरकोळ किंमत. हा आकडा सरकार ठरवते, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः तो उत्पादक स्वतःच छापतो. त्याहून अधिक घेणे हा गुन्हा; परंतु ती किंमत उत्पादनखर्चाच्या किती पट असावी, यावर मोजके अपवाद वगळता बंधन नाही. मग छापील किमतीवर सूट मिळते आणि पैसे वाचले म्हणून घरात समाधान! उत्पादनखर्चही पाकिटावर छापावा, ही ग्राहक पंचायतीची जुनी मागणी नेमके याच दुखण्यावर बोट ठेवते.

बंधन घातल्यास काय होते, हे औषधांच्या क्षेत्रात दिसले. लाखाच्या वर विकल्या जाणाऱ्या औषधवेष्टित हृदय-स्टेंटची कमाल किंमत फेब्रुवारी २०१७ मध्ये २९,६०० रुपये ठरविण्यात आली. फेब्रुवारी २०१९ मध्ये कर्करोगावरील ४२ औषधांच्या व्यापारी नफ्याला ३० टक्क्यांची मर्यादा घातली गेली. काही नाममुद्रांच्या किमती ९० टक्क्यांपर्यंत उतरल्या. कारखाने बंद पडले नाहीत. मग आधीचा तो पैसा कोणत्या श्रमाचा मोबदला होता?

परंतु प्रत्येक वस्तूमागे निरीक्षक उभा करता येत नाही, आणि केला तरी त्याच्यामागे दुसरा लागतो. म्हणून १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत स्थापन करणाऱ्या बिंदुमाधव जोशी यांचा मार्ग अधिक मोलाचा वाटतो. पुढल्याच वर्षी मुंबईत ग्राहक पंचायत सुरू झाली. दुकान नाही, फलक नाही. शेजारपाजारची कुटुंबे संघ करतात, महिन्याची यादी आगाऊ देतात, माल घाऊक येतो आणि कार्यकर्ते-सभासदच तो वाटून घेतात. मधला नफा येथे कायद्याने कापलेला नाही. त्याला जागाच उरलेली नाही.

कोडोलीकरांना ही कल्पना परकी नाही. शेजारच्या वारणानगरात तात्यासाहेब कोरे यांनी साखर कारखान्याभोवती सहकाराचा संसार उभा केला, त्यात दुधाप्रमाणेच ‘वारणा बाजार’ हे ग्राहक भांडारही आले. ऊस पिकविणाराच साखर, तेल, साबण विकत घेतो, हे त्यांनी ओळखले होते.

येथेच एक सावधगिरी हवी. स्वस्ताईच्या नावाखाली शेतकऱ्याचा भाव पाडणे म्हणजे नफ्यावर मर्यादा नव्हे. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, ती मे २०२४ मध्ये खुली झाली. त्या काळात शहरातील ताटाचा भार नाशिकच्या शेतकऱ्याने वाहिला, साठेबाजाने नव्हे. मर्यादा शेत आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या वाटेवर हवी.

आणि त्या वाटेवरचा सर्वांत दुबळा माणूस म्हणजे गावातील किराणा दुकानदार. त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे सोपे असते, कारण तो रोज दिसतो. बिस्किटाच्या पुड्यावरील त्याचा वाटा कंपनीच ठरविते. उसाचे बिल येईपर्यंत उधारीची वही मात्र तोच सांभाळतो, आणि त्या उधारीवरचे व्याज कोणत्याही छापील किमतीत धरलेले नसते. दहा-वीस घरांनी एकत्र यादी करावयाची ठरविली, तर पहिली बैठक त्याच्याच दुकानात घेण्यास हरकत नसावी.